कुंडी उचलून बघा

नर्सरीच्या काउंटरवर लोक पान घेऊन येतात. कुणी पिशवीत, कुणी वहीच्या कागदात घडी घालून, आणि हल्ली बहुतेक जण मोबाइलवरच्या फोटोत. "याला काय झालंय? कुठलं औषध मारू?" पान पिवळं असतं. पान पिवळं पडायची कारणं इतकी आहेत, की नुसतं पान बघून औषध सांगणारा एकतर फार मोठा जाणकार असतो, नाहीतर त्याला बाटली खपवायची असते. आमच्या काउंटरमागे बाटल्यांचं कपाट आहे. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचं माणूस होणं आम्हाला अगदी सोपं आहे.

कृषी पदविका झाल्यावर मी पुण्याजवळ सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत लागले. उरुळी कांचनपर्यंतचा हा सगळा पट्टा नर्सऱ्यांचाच. सकाळी गिऱ्हाईक बघायचं आणि दुपारनंतर शहरातल्या गॅलऱ्या-गच्च्या, असं माझं काम. त्यातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. घरातली झाडं कीड लागून किंवा खत कमी पडून जितकी मरतात, त्याहून कितीतरी जास्त पाण्याने आणि भलत्या जागी ठेवल्याने मरतात. पण जागा आणि पाणी बाटलीत मिळत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी विचारत नाही.

मी आधी दिशा विचारते. "गॅलरी कुठल्या बाजूला?" उत्तर ठरलेलं, "ऊन भरपूर येतं हो." कधी येतं, किती वाजेपर्यंत राहतं आणि कुठल्या महिन्यात, हे पुढचे प्रश्न. तिसऱ्या प्रश्नाला माणसं थोडी वैतागतात, पण खरी मेख तिथेच आहे.

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि दुसरा येतो जुलैअखेरीस. या मधल्या काळात सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेकडूनच जातो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर त्या दिवसांत थेट ऊन पडतच नाही, आणि वर स्लॅब असेल तर एप्रिलपासूनच ते आखडतं घेतं. हीच दक्षिणेची गॅलरी डिसेंबरात मात्र उन्हाने भरून जाते, ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत येतं. आता होतं काय, की माणूस जानेवारीत ते ऊन बघतो, खूश होतो आणि मोगरा घेऊन जातो. मोगऱ्याचा बहर मार्च ते जून. नेमकं तेव्हाच ऊन निघून जातं. पानं हिरवीगार, कळी एक नाही. मग गिऱ्हाईक खत मागायला येतं, खताने पानं आणखी हिरवी होतात आणि कळी तरीही येत नाही.

मोगऱ्याला दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं. पश्चिमेची गॅलरी असेल तर तो तिथे सुखात राहतो. जास्वंद, कागदी लिंबू, अडेनियमही तिथेच. फक्त एप्रिल-मेमध्ये तापलेल्या भिंतीपासून कुंड्या हातभर पुढे ओढायच्या आणि दुपारी शेडनेट टाकायची. दक्षिणेला हिवाळी बाग करा : शेवंती, झेंडू, पिटुनिया, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी ती गॅलरी सोसायटीत सगळ्यांत देखणी दिसेल. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन असतं. कढीपत्ता, तुळस, गवती चहा, पुदिना तिथे खुशीत असतात. उत्तरेला मनीप्लांट, सिंगोनियम, फर्न, पीस लिली, स्नेक प्लांट. उत्तरेच्या गॅलरीत गुलाब मागणाऱ्याला मी सरळ नाही म्हणते. मालकांना ते फारसं आवडत नाही.

दिशा कळली की पाणी. आमच्याकडे एक जुने माळी आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. कुणी आजारी झाड कुंडीसकट आणलं तर मामा पानाकडे बघतसुद्धा नाहीत. कुंडी दोन्ही हातांनी उचलतात, जरा तोलतात, खाली ठेवतात. मग मातीत बोट घालतात, दोन पेरं आत. "ताई, याला बुडवलंय." एवढंच निदान. गंमत अशी की पाणी कमी झालं तरी झाड मान टाकतं आणि जास्त झालं तरी टाकतं. जास्त पाण्याने मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात आणि कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. वरून झाड तहानलेलं दिसतं. म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. फरक फक्त मातीत कळतो, नाहीतर वजनात. भरपूर पाणी घातलेली कुंडी एकदा उचलून बघा, कोरडी झाल्यावर परत उचला. आठवडाभरात हाताला अंदाज येतो. उचलता येणार नाही इतकी मोठी असेल तर बोट आहेच.

"किती दिवसांनी पाणी घालू?" याला उत्तर नाही. मेमधल्या मातीच्या कुंडीतल्या जास्वंदीला सकाळ-संध्याकाळ लागेल, जानेवारीतल्या प्लॅस्टिकच्या कुंडीतल्या झेडझेड प्लांटला तीन आठवडे नाही दिलं तरी चालेल. घालाल तेव्हा तळातून निथळेपर्यंत घाला, आणि वरची माती सुकल्याशिवाय परत घालू नका. रोज अर्धा पेला घालणं सगळ्यांत वाईट; वर ओल दिसते आणि खाली मुळं कोरडी राहतात. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा. अडेनियम तर जूनमध्येच छपराखाली घ्या, त्याचा कांदा एकदा मऊ पडला की फारसं काही हातात राहत नाही.

नवीन आणलेल्या झाडाबाबत आणखी एक भानगड असते. आमच्याकडची बरीच झाडं आंध्रातून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून ट्रकने येतात. लांबच्या प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून पुष्कळ झाडांच्या मुळांशी चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो गोळा तसाच कोकोपीट-गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात बसवला, की पाणी आजूबाजूने निघून जातं आणि गोळा आतून ठणठणीत कोरडा राहतो. पावसाळ्यात उलट : बाकीची माती निथळते, गोळा चिखल धरून बसतो. म्हणून लावण्याआधी गोळा बादलीत तासभर बुडवून ठेवा, कडेची चिकणमाती बोटांनी हलकेच सोडवा. सगळी काढायचा हट्ट नको, बारीक मुळं तुटतात. मातीचं मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी धुऊन घ्या, त्यात क्षार असतात.

तुळशीचं सगळ्यांत अवघड. कारण तिथे प्रश्न झाडाचा नसतो. "आमच्याकडे तुळस टिकत नाही" हे वाक्य बायका खालच्या आवाजात सांगतात, जणू घरात काही दोष आहे. कोथरूडमधल्या एका घरी गेले होते. ग्रिल लावलेली गॅलरी, ऊन सकाळी जेमतेम दोन तास, आणि आजी रोज आंघोळ झाल्यावर तांब्याभर पाणी घालायच्या. श्रावणातसुद्धा. वर हळद-कुंकू, बुंध्याला लागून निरांजन. माती काळी पडून तिला वास येत होता. आजींना "पाणी घालू नका" असं मी सांगणार कशी? म्हटलं, "आजी, पाणी देवाला पळीने देतो ना आपण?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, अर्घ्य पळीनेच असतं." झालं. तेव्हापासून तुळशीला एक पळी पाणी रोज, आणि माती सुकली की सूनबाई पोटभर घालतात. निरांजन वीतभर लांब सरकलं. कुंडी ग्रिलच्या पूर्वेकडच्या टोकाला गेली.

शिवाय तुळस म्हणजे वडा-पिंपळासारखं शतकभर टिकणारं झाड नाही. तिचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. मंजिऱ्या धरल्या की तिचा सगळा जोर बियांत जातो, म्हणून हिरव्या असतानाच त्या खुडाव्यात. दोन-चार मात्र पिकू द्याव्यात. थंडीत ती पानं गाळते, त्यात अशुभ काही नाही, तिला गारठा सोसत नाही एवढंच. फेब्रुवारी सरता सरता, हवा तापायला लागली की राखलेलं बी मातीवर भुरभुरावं, वर अगदी पातळ माती. एक जुनी आणि एक नवी अशा दोन तुळशी कायम ठेवल्या तर वृंदावन रिकामं राहत नाही.

आता अनंत. याच्यासाठी मी औषधाच्या कपाटाकडे न जाता गिझरची चौकशी करते. वाकड-बाणेरकडच्या उंच इमारतींमध्ये बऱ्याच ठिकाणी बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. अनंताची कोवळी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात, पानावर जाळं काढल्यासारख्या. जुनी खालची पानं ठीक. असा फोटो दाखवला की मी विचारते, "तुमच्या गिझरची कॉइल किती दिवसांत खराब होते?" ताई चमकतात. "अहो, दरवर्षी! पण झाडाचं विचारत होते मी." झाडाचंच चाललेलं असतं. कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच कुंडीच्या बाहेरून आणि मातीच्या वर दिसतो. असं जड, अल्कधर्मी पाणी महिनोन्महिने घातलं की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. नवी पानं पांढुरकी येतात, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. युरिया घालून काही होत नाही. पावसाळ्यात तेच झाड आपोआप हिरवं होतं, कारण पावसाचं पाणी मऊ असतं.

उपाय आहेत. पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही जवळपास क्षारविरहित असतं, ते बादलीत गोळा करून अनंताला, गुलाबाला घाला. चिलेटेड लोह लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. आठवड्या-दहा दिवसांत नव्या पानात फरक दिसतो. आणि एक गोष्ट मात्र नका करू : आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालू नका. पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने घरोघर हे चालतं, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात आलेले असतात. बोअरचं पाणी वाईट असेल तर हे त्याहून वाईट. फरशी पुसायला वापरा.

किडींकडे मी मुद्दाम उशिरा येतेय, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात. जास्वंदीवर "पांढरा कापूस" आलाय म्हणून जी तक्रार येते तो पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाची पूड असते, तिच्यामुळे औषध आत पोचत नाही, म्हणून एकदा फवारून तो जात नाही. आधी मुंग्या बघा. खोडावरून मुंग्यांची रांग वर-खाली चालू असेल तर त्या ढेकणांचा गोड चिकटा खायला येतात, बदल्यात त्यांना राखतात आणि नव्या फांद्यांवर नेऊनही सोडतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली, कुंडीची कड भिंतीला टेकू दिली नाही, की मुंग्यांची वाट बंद. मग जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. फार भरलेली फांदी कापून पिशवीत बांधून टाका, खाली कुंडीत टाकू नका. उरलेल्याला लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, चार थेंब भांड्यांचा पातळ साबण. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळतच नाही, वर तरंगतं आणि शेवटचा फवारा नुसत्या तेलाचा होऊन पानं करपतात. पानांच्या खालून, उन्हं उतरल्यावर, दर आठवड्याला, निदान तीनदा.

मिरचीची पानं चुरगळतात त्याला शेतकरी चुरडा-मुरडा म्हणतात, काही भागात बोकड्या. पान वरच्या बाजूला वाटीसारखं वळलं असेल तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी. शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा टिचकीने झटका. कागदावर सुईच्या टोकाएवढ्या पिवळसर रेघा पळायला लागल्या तर फुलकिडेच. निळे चिकट सापळे टांगा, निंबोळी तेल फवारा. एकदा वळलेलं पान सरळ होणार नाही, तेव्हा त्याकडे बघून औषध बदलत बसू नका; नवं पान कसं येतंय ते बघा.

कढीपत्त्यावरची अळी मात्र मला मारवत नाही. लहानपणी ती पाखराच्या शिटेसारखी दिसते, लोक तिला हात लावत नाहीत ते त्यामुळेच. मोठी झाली की हिरवीगार, गुबगुबीत. तिला काडीने टोचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. घरात लहान मूल असेल तर त्याला हे जरूर दाखवा. ही फुलपाखराची अळी. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं कढीपत्त्यावरही अंडी घालतात. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉनही याच गोतावळ्यातलं. झाड कमरेएवढं असेल तर दोन-तीन अळ्यांनी त्याचं काही बिघडत नाही, उलट छाटणी होऊन फुटवे येतात. वीतभर रोप असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर ठेवा. आमटीला चार पानं कमी पडली तर पडली.

भाजी लावणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार : "दुधीला फुलं येतात, लहान लहान दुधी धरतात आणि पिवळे पडून गळतात." नवव्या मजल्यावर कीटक फारसे येत नाहीत. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, पांढरी. नर फूल लांब देठावर, मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी आधीपासूनच असतो. दिवेलागणीला नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. हडपसरच्या एका काकांना हे सांगितलं तर ते लाजलेच. आता रोज संध्याकाळी फिरून आले की आधी वेलापाशी जातात, आणि शेजाऱ्यांना दुधी वाटून त्यांनी बेजार केलंय.

गुलाबाचं थोडक्यात. आमच्याकडचे गुलाब डोळा भरलेले असतात, म्हणजे खाली रानटी खुंट आणि वर जातिवंत गुलाब. जोडाच्या खालून जोमदार, सात-सात पानांची फांदी निघाली की लोक खूश होतात. ती खुंटाची फांदी. ती वाढली की वरचा गुलाब उपाशी राहतो. जिथून निघाली तिथूनच मुळापासून काढा. पानं मोजून खात्री होत नसेल तर माती बाजूला करून जोड कुठे आहे ते बघा, त्यात चूक होत नाही. छाटणी दसऱ्यानंतर, ऑक्टोबरात. साधारण दीड महिन्याने फुलं.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की फेब्रुवारीत आमच्याकडे पॅन्सी, पिटुनियाची मागणी वाढते. ती घ्या, पण ही झाडं हंगामी आहेत. एप्रिलमध्ये ती वाळतात तेव्हा "माझ्या हाताला यशच नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. यशाचा काय संबंध? त्यांचा हंगाम संपला. तसंच हवा शुद्ध करणाऱ्या झाडांचं. नासाचा १९८९ चा तो प्रसिद्ध अहवाल हवाबंद पेटीतल्या प्रयोगांचा होता. आपल्या घराला खिडक्या-दारं असतात. स्नेक प्लांट सुंदर दिसतो, दुर्लक्ष सोसतो, म्हणून घ्या. खोलीतल्या हवेसाठी खिडकी उघडा.

नवी बाग करायची असेल तर चार कुंड्यांनी सुरुवात करा आणि मेमध्ये काही घेऊ नका. जूनमधले दोन-चार चांगले पाऊस होऊन गेले की या. येताना गॅलरीचे सकाळी नऊ, दुपारी एक आणि चार वाजताचे फोटो आणा, आणि पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं ते विचारून या. शक्यतो रविवारी येऊ नका. रविवारी गर्दी इतकी असते, की आम्ही काही न विचारता मागाल ते झाड पिशवीत घालून देतो.